बायजाबाईने मिटलेले डोळे

रोहेकर म्हणतात, पेणमध्ये डोळे झाकून दगड भिरकावला तरी तो गणपतीच्या कारखान्यावरच पडतो. म्हणोत बापडे, जळणाऱ्यांनी जळावं. पण हैबतरावांच्या कारखान्याची एक गोष्ट त्या रोहेकरांनाही ठाऊक होती. तिथल्या गणपतीला सोंड कुणीही लावो, पितांबर कुणीही रंगवो, डोळे मात्र बायजाबाईच करणार.

डोळे रंगवण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. सगळी मूर्ती तयार झाली की शेवटी आखणी. आधी पांढऱ्या रंगाचा हात, मग पापणीची काळी रेघ, मग बुबुळ, आणि अगदी शेवटी बुबुळात मोहरीएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मातीचा गोळा तुमच्याकडे बघायला लागतो. तोवर गणपतीच्या पुढ्यात बसून खुशाल बिडी ओढणारे गडी ठिपका पडल्यावर बिडी घेऊन बाहेर जातात. आणि एक नियम असा की आखलेले डोळे परत पुसायचे नाहीत. सोंड मोडली तर जोडा, हात तुटला तर नवा लावा, पण डोळ्यांना हात नाही.

बायजाबाई मूळची वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठची. नवरा मिठागरावर कामाला. ती हैबतरावांकडे आली ती माती मळायला. तेव्हा आखणी स्वतः हैबतराव करत, पण त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. हजेरीच्या वहीत अंगठा उठवायची वेळ आली, तेव्हा या बाईनं अंगठ्याऐवजी काडी शाईत बुडवून एक डोळा काढला. पापणीसकट. हैबतराव त्या डोळ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "आयला, हा तर माझ्याकडं बघतोय." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला खारीच्या केसांचा ब्रश तिच्या हातात दिला. तेव्हापासून पंधरा वर्षं तिची सही म्हणजे तो डोळा.

बोलायला मात्र ही बाई म्हणजे मुक्याची बहीण. दिवसभरात चार शब्द बोलली तर त्यातले दोन "व्हय" आणि "नाय". आणि नवऱ्याचं नाव? छे! आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे खरं, पण लग्नात उखाण्यात तरी घेतात. बायजाबाईनं तेही घेतलं नव्हतं. वरात दारात आली, बायकांनी उंबरठा अडवला, "नाव घे गो, नाव घे" म्हणून ओरडल्या. ही उभी ती उभीच. ऊन कललं, पोरं झोपली, वाजंत्री घरी गेले. शेवटी सासूच वैतागली, "येऊ दे तिला आत, नायतर माझा पोरगा म्हातारा व्हईल." नवऱ्याचं नाव होतं कान्हू. त्यापायी ही बाई गोकुळाष्टमीला कान्होबाचंही नाव घेत नसे, "तो लोणीखाऊ" म्हणे. गावात हसून हसून पोटं दुखायची, आणि कान्हूला त्याचा कोण अभिमान!

तो कान्हू एकोणनव्वदच्या पुरात गेला. भावाला, काळुरामला, भेटायला नागोठण्याला गेला होता. अंबा नदी गावात घुसली आणि माणसं भिंतींसकट घेऊन गेली. कान्हू तिसऱ्या दिवशी सापडला. बायजाबाई तेरा दिवस सुतकात बसली आणि चौदाव्या दिवशी कारखान्यात येऊन आखणीला बसली. कुणी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. हजेरीच्या वहीत डोळा काढला, झालं.

आता गोष्ट एक्क्याण्णवच्या मे महिन्याची. निवडणूक अर्ध्यात आलेली. आमचा कारखान्यातला प्रविण हा खरा पाट्या रंगवणारा. मूर्तीचे मुकुट-दागिने तो करी आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या भिंती त्याच्याच. त्या दिवशी सकाळी तो भिंत अर्धी टाकून कारखान्यात आला. हातात डबा, डब्यात ब्रश आणि चेहरा चुन्यासारखा.

"मारलं," तो म्हणाला. "बॉम्बनं उडवलं त्यांना. रेडिओवर सांगतायत."

कोण, कुठे, कसं, हे कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. ज्यांचा हसरा फोटो आदल्याच दिवशी भिंतीभिंतीवर चिकटवला होता, ते नेते सभेला गेले असताना गेले. सोबत आणखी माणसं गेली. आम्ही काही सगळेच त्यांना मत देणारे नव्हतो. हैबतराव तर त्यांना रोज सकाळी चहासोबत शिव्या देत. पण त्या दिवशी हैबतराव मातीच्या ढिगावर मटकन बसले. "असं कसं? हातात हार घेऊन माणूस जवळ येतो आणि..." एवढंच बोलत राहिले. रेडिओवर गाणी बंद. नुसती रडवी सनई. कचेरीवरचा झेंडा निम्म्यावर आला, बाजार आपोआप मिटला. सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. कारखान्यातले अर्धवट गणपती ओळीनं बसलेले आणि त्यांच्यामध्ये आम्ही माणसंही तशीच बसलेली.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. जेवणाच्या सुट्टीत प्रविणनं मोठ्यानं वाचला. चेहरा ओळखू येण्यासारखा उरला नव्हता, पायातल्या बुटांवरून ओळख पटली म्हणे. पुढे लिहिलं होतं, "इतर मृतांपैकी काहींची ओळख अद्याप पटलेली नाही."

बायजाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "परत वाच," ती म्हणाली.

प्रविणनं परत वाचलं. बाई उठली, भाकरी फडक्यात बांधली आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिली. प्रविणला वाटलं, हिला उन्हाचं लागलं. कसलं काय! पण ते पुढे सांगतो.

रोह्याची शोकसभा सातव्या दिवशी ठरली. तिथल्या समितीचे अध्यक्ष हैबतरावांच्या ओळखीचे. त्यांना नेत्यांची सहा फुटी तसबीर हवी होती, चौकात व्यासपीठावर ठेवायला. आजच्यासारखं यंत्रातून सर्रकन छापून मिळायचे दिवस नव्हते ते. प्रविणनं प्लायवूडवर तीन दिवस खपून चेहरा रंगवला. कपाळ, नाक, गाल, ओठांवरचं ते हसू, सगळं तंतोतंत. डोळ्यांच्या जागा तेवढ्या कोऱ्या ठेवल्या. त्याचं काय होतं, कारखान्यात राहून त्याचा हातच तसा झाला होता. डोळ्यांपाशी आला की ब्रश खाली ठेवायचा आणि हाक मारायची, "बायजाबाई, तुमचं काम."

सातव्या दिवशी भल्या सकाळी बाईनं एकटीनं दार लोटून आखणी केली. हैबतराव टेम्पो घेऊन आले, दार उघडलं आणि जागच्या जागी थिजले.

तसबिरीतल्या माणसाचे डोळे मिटलेले होते.

अर्धे नाहीत, झुकलेले नाहीत. पूर्ण मिटलेले. पापणीचा केस न् केस गालावर टेकलेला. ओठांवर प्रविणनं काढलेलं हसू तसंच, आणि वर हे मिटलेले डोळे. त्या हसण्याचा अर्थच पार बदलून गेला होता. प्रविण पुढे आला आणि "बाप रे" म्हणून दोन पावलं मागे सरला.

"बायजे!" हैबतराव ओरडले. "अगं, हे काय करून ठेवलंस? वेडबिड लागलं का तुला? मढं काढलंस?"

बाई ब्रश धूत होती.

"हाराखाली हसरा माणूस ठेवतात गं! बघणारा! प्रविण, तू उघड रे हे डोळे."

प्रविणनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला नाय जमायचं, मालक. मिटलेले डोळे... नको."

तिकडे टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. सभा दुपारी चारला. हैबतरावांनी तसबिरीवर चादर टाकली, बाईच्या हातात रंगाचा डबा कोंबला आणि तिलाच टेम्पोत बसवलं. "रोह्याला पोचून सभा सुरू व्हायच्या आत हे डोळे उघडले पाहिजेत. कळलं? नाय उघडलेस, तर उद्यापासून कारखान्यात येऊ नकोस. पंधरा वर्षं, वीस वर्षं, मला काय सांगू नकोस."

बायजाबाईला कारखान्याशिवाय दुसरं काय होतं? मिठागरावर आता तिला कोण घेणार, आणि डोळ्यांखेरीज तिला येत तरी काय होतं? तिचं सगळं बोलणं त्या ब्रशाच्या टोकाला. तो गेला की बाई खरोखरची मुकी. हे तिला कळत होतं. टेम्पोच्या हौद्यात तसबिरीला टेकून, मांडीवर डबा घेऊन ती बसली होती. वडखळ गेलं, कासू गेलं. हैबतराव पुढून काचेतून दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते.

नागोठण्याचा पूल आला. खाली अंबा कोरडीठाक, गुरं पात्रात चरत होती. याच नदीनं दोन वर्षांपूर्वी माणसं नेली म्हणून सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

पुरानंतर तिसऱ्या दिवशी बायजाबाई इथं आली, तेव्हा एका व्हरांड्यात माणसं ओळीनं निजवलेली होती. कान्हू सातवा. तिनं बघताक्षणी ओळखलं. त्याचे डोळे उघडे होते. तिनं तळव्यानं मिटले, ते परत उघडले. परत मिटले, परत उघडले. पापण्या ताठून गेल्या होत्या. तेवढ्यात कागद घेतलेला एक माणूस आला.

"ओळखता का, बाई?"

तिनं मान हलवली.

"नाव सांगा."

"आमचं माणूस हाय," ती म्हणाली.

"ते कळलं. पण नाव काय?"

बाईनं इकडेतिकडे बघितलं. काळुराम सरणाची लाकडं बघायला गेला होता. ओळखीचं कुणी नाही. जीभ टाळ्याला चिकटली. देवाशपथ सांगतो, तिनं प्रयत्न केला. पण जे नाव बायकांनी उंबरठा अडवूनही निघालं नाही, ते मढ्यापाशी कसं निघावं? नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, एवढंच तिला शिकवलेलं. तो मेलेला आहे, आता कमी व्हायला आयुष्य उरलेलं नाही, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात आलंच नाही. माणसानं तीनदा विचारलं. मागे रांग होती, कुणी आक्रोश करत होतं. "जाऊ दे," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहून पुढे गेला. काळुराम आला, प्रेत उचललं, अग्नी दिला. डोळे उघडेच गेले.

काय लिहिलं होतं, ते बाईला वर्षानं कळलं. पुरात गेलेल्यांच्या वर्षश्राद्धाला नागोठण्यात सगळी नावं मोठ्यानं वाचली. बाई कान देऊन ऐकत होती. नावं संपली आणि शेवटी वाचणारा म्हणाला, "अनोळखी पुरुष, एक." काळुराम तिच्या कानाशी लागून म्हणाला, "वहिनी, तो आपला." बायको शेजारी उभी असताना नवरा अनोळखी! आणि केला कुणी अनोळखी? हिनंच. ही गोष्ट तिनं तोवर कुणाला सांगितली नव्हती. आणि पेपरातली ती ओळ ऐकून बाई उन्हात का गेली, ते आता तुम्हाला कळलं असेल.

त्या सकाळी तसबिरीच्या आखणीला बसली तेव्हाही तिच्या मनात वेगळं काही नव्हतं. पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, पण त्या कोऱ्या जागेवर हात गेला तो तळव्यासारखा गेला. वरून खाली. तिला वाटलं, या माणसाच्या डोळ्यांवरून त्या दिवशी कुणाचाच हात फिरला नाही. मग तिनं पापण्या काढल्या.

खिंड ओलांडून टेम्पो रोह्याला पोचला तेव्हा चौक भरून गेला होता. खांबाखांबाला भोंगे बांधलेले. नमिता नावाची शाळेतली बाई वही घेऊन माइकपाशी उभी, तिला मृतांची नावं वाचायची होती. हैबतराव अध्यक्षांना बाजूला घेऊन "जरा दहा मिनिटं" म्हणेपर्यंत कार्यकर्त्यांनी तसबीर उचलून वर नेलीसुद्धा, आणि अध्यक्षांनी मोठ्या मानानं चादर ओढली.

कुठलीशी बाई "अगो आई!" म्हणाली. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सात दिवस रेडिओ सांगत होता, पेपर सांगत होता, पण माणूस गेला म्हणजे काय, हे त्या चौकाला बहुतेक तेव्हाच कळलं.

अध्यक्षांचा चेहरा मात्र लालबुंद. "हैबतराव, ही काय चेष्टा? श्रद्धांजलीला मेलेला माणूस दाखवतात का?"

आता श्रद्धांजलीला दुसरं कुणाला दाखवतात, ते अध्यक्षांनाच ठाऊक.

"बायजे," हैबतराव खालच्या आवाजात म्हणाले, "वर ये आणि उघड. तुला सांगितलंय मी."

बाई डबा घेऊन व्यासपीठावर चढली. हजार माणसांची नजर. तिनं पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, तसबिरीपाशी गेली, आणि उलट फिरून तो ब्रश अध्यक्षांच्या पुढे धरला.

"घ्या. तुमीच उघडा."

अध्यक्ष हात झटकून मागे झाले. तिनं ब्रश त्यांच्या बाजूच्या कार्यकर्त्यापुढे धरला. तो चपला शोधायला लागला. मग हैबतरावांपुढे धरला. हैबतरावांचा थरथरता हात ब्रशापर्यंत आला. किती हजार डोळे उघडले होते त्या हातानं! त्यांनी तसबिरीकडे बघितलं आणि हात परत खिशात घातला. मेल्या माणसाचे मिटलेले डोळे उघडायचं पाप कोण शिरावर घेणार?

"पण मिटायला तुला सांगितलं कुणी?" अध्यक्ष आता खरोखरच खवळले. "त्यांची तू लागतेस कोण?"

प्रश्न वर्मी लागला, कारण मेलेल्याचे डोळे घरचा माणूस मिटतो. बायजाबाई माइकच्या अगदी जवळ उभी होती, तिला माइक म्हणजे काय ते कळत नव्हतं.

"मी कोणी नाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या भोंग्यांतून बाजारभर गेला. ती दचकली, पण थांबली नाही. "त्यांच्यापाशी तवा कोण व्हतं? डोळं मिटायचं राहिलं त्यांचं. त्यांच्यासंगं गेले त्यांचं बी राहिलं. माझ्या माणसाचं बी राहिलं."

"कोण तुमचा माणूस, मावशी?" नमितानं विचारलं. सहज विचारलं, तिला बिचारीला काय ठाऊक!

बायजाबाईचे ओठ हलले. नुसतेच हलले. खाली बसलेल्या बायकांना कळलं, ही आता काय करणार ते. एकीनं तोंडावर हात घेतला.

"कान्हू," बायजाबाई म्हणाली.

भोंगे म्हणाले, "कान्हू."

हैबतरावांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू भिंतच बोलली. पंधरा वर्षांत त्यांनी ते नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. खुद्द कान्हूनंही नाही.

नमितानं वही उघडली. "पूर्ण नाव सांगा. मी लिहिते."

"कान्हू जोमा मोकल. नागोठण्याच्या पुरात गेले. लिव." आणि मग बाईचा आवाज फुटला, "अनोळखी नव्हते ते. मी उभी व्हते तिथं! मी ओळखत व्हते!"

अध्यक्षांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुढच्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तसं त्यांनी ते मिटलं आणि खुर्चीत बसले. हैबतरावांनी बाईच्या हातून ब्रश घेतला, आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या टोकाला खुशाल पुसला आणि तिच्या डब्यात ठेवला.

"सभा आटपली की लगेच निघायचं," ते म्हणाले. "तिकडं तीनशे गणपती आंधळे बसलेत. उद्या सकाळी आठला ये."

मग सगळे उभे राहिले आणि नमितानं नावं वाचली. आधी तसबिरीतल्या माणसाचं. मग त्याच्याबरोबर गेलेल्यांची, पेपरात जेवढी आली होती तेवढी. आणि सगळ्यात शेवटी, सावकाश, "कान्हू जोमा मोकल."

खाली बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या बायजाबाईनं ते ऐकलं आणि झटकन पदर तोंडावर ओढून घेतला. एवढ्या लोकांत आपल्या माणसाचं नाव निघालं, म्हणून तिला लाज वाटली.